आठवण म्हणून नेलेले डबे

आप्पा, आधी सुनंदाताईचं नाव घेतो. तुमची सून, पण माझ्या चकलांब्याची लेक, म्हणून मी तिला वहिनी न म्हणता ताई म्हणतो. ती नसती तर तुमच्याशी आज बोलायला मला तोंड उरलं नसतं. तिचं नाव घेऊन झालं. आता बाकीचं सांगतो, आणि बाकीचं सांगताना मला किळस येतेय.

तुम्ही गेल्याचं मला शारजाच्या गोदामात कळलं, तेही एका फ्लेक्सच्या फोटोवरून. कुणी फोन केला नाही. फोटो मात्र तीन-चार ग्रुपवर फिरत होता. वर आपल्या भागातल्या साहेबांचा चेहरा, तुमच्याहून मोठा आणि चक्क हसरा. खाली कोपऱ्यात तुम्ही, कपाळाला विभूती लावलेले, आधारकार्डावरचा फोटो ताणून केलेले. त्याखाली शोकाकुलांची नावं. त्यातली कितीतरी माणसं तुमच्या भांड्याच्या दुकानावरून जाताना वरच्या खिडकीकडं बघून म्हणायची, "म्हातारं आगगाडी खेळायलंय बघ." त्याच तोंडांनी तुम्हाला 'बीडच्या रेल्वेचे स्वप्नद्रष्टे' केलं होतं. मी फोन उलटा ठेवला आणि पेट्यांवर लेबलं चिकटवत राहिलो.

तुम्हाला समाधी देताना मी व्हिडिओवर होतो. ज्याच्या हातात फोन होता त्यानं मध्येच तो स्वतःकडं वळवला आणि केस सारखे केले. तुमचं शेवटचं दर्शन मला असं झालं, एका माणसाच्या भांगाच्या आडून.

आप्पा, मला धसका होता तो वरच्या खोलीचा. मागच्या खेपेला मी आलो होतो तेव्हा तुम्ही जिना चढताना तीनदा थांबलात. मी विचारलं तर म्हणालात, "धूळ लई हाय दुकानात." खोटं बोललात. वर गेल्यावर टेबलावरची छोटी आगगाडी चालू केलीत, ती बोगद्यातून बाहेर आली, पुलावरून वळली, तुम्ही हाताने केलेल्या बीड स्टेशनात थांबली, आणि तुम्ही म्हणालात, "दत्तू, ही जोडलेली हाय तवर गाडी. सुटी झाली का खेळणी. माझ्यामागं सुटी होऊ दिऊ नको." मी "बरं" म्हणालो. बरं म्हणायला काय लागतं? रजा मालकाच्या हातात, पासपोर्ट त्याच्या कपाटात. पण तुम्ही दुसऱ्या कुणाला सांगितलं नव्हतं, मला सांगितलं होतं. तेव्हापासून फोन वाजला की आधी बीडचा आहे का ते बघायचो.

आपली ओळख पार्सलनं झाली. मी नववीतून शाळा सोडून, मांजरसुंब्याच्या धाब्यावर दोन वर्षं काढून, बीडला कुरिअरच्या पिशव्या वाहत होतो. तुमचा खोका जर्मनीहून आलेला. एवढा मोठा खोका आणि वजन काहीच नाही, मला वाटलं रिकामाच आला, आता हा वाणी माझ्यावर ओरडणार. तुम्ही तो गल्ल्यावरच फोडलात. आत बोटाच्या पेराएवढी माणसं, खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाची. पातेलं घ्यायला आलेल्या बाईनं विचारलं, "आप्पा, भातुकली आणली काय नातीला?"

"न्हाई," तुम्ही म्हणालात, "मला."

ती हसली. तुम्हीही हसलात. मला तेव्हाच तुम्ही आवडलात.

पुढच्या पार्सलाला तुम्ही मला वर नेलंत. खोक्यावरचं लेबल माझ्या हातात दिलंत आणि म्हणालात, "वाच." मी म्हणालो, इंग्रजी येत नाही. "मलाबी कुठं येतंय? मी दुकानात बसून शिकलो. ह्यो शब्द बघ, हा रूळ. ह्यो सांधा. ह्यो आकडा, डब्याला डबा जोडायचा. सामान कोणतं, कुठून आलं, कोणाला जायचंय, एवढं वाचता आलं का जगातलं कोणतंबी खोकं तुझं." माल कुठून निघाला, कोणत्या बंदरात थांबला, जकात कशावर लागते, हे सगळं मी तुमच्या रुळांच्या लेबलांवर शिकलो. इथल्या गोदामात मुलाखत घेणाऱ्यानं माझ्यासमोर एक चिठ्ठी टाकली आणि वाच म्हणाला, तेव्हा मला तुमचाच आवाज ऐकू आला. तुम्ही मला एकदाही म्हणाला नाहीत, की शिकला असतास तर. सगळं जग म्हणतं ते. तुम्ही नाही म्हणालात. याबद्दल मी तुम्हाला कधी काही बोललो नाही, कारण असलं बोलायला गेलं की तुम्ही चहा सांगायचात.

मी इथं आल्यावर मग आपलं खातंच उघडलं म्हणा. जर्मनीचं सामान माझ्या पत्त्यावर यायचं आणि गावाकडं निघालेल्या कुणाच्या तरी बॅगेत खजूर, अत्तर, ब्लँकेटांच्या मधोमध रूळ जायचे. त्या गेवराईच्या गड्याला मुंबईला अडवलं होतं ते आठवतंय? तुम्ही तो किस्सा दर फोनवर माझ्याकडून परत वदवून घ्यायचात.

"यात काय आहे?"

"रूळ हायत, साहेब."

"कशाचे रूळ?"

"रेल्वेचे."

"कोणाच्या रेल्वेचे?"

"मन्मथआप्पाच्या."

तुम्ही इतकं हसायचात की ठसका लागायचा. आता वाटतं, तो ठसका हसण्याचा नव्हता.

आणि आपली भांडणं! तुम्हाला स्टेशनाभोवती लावायला बाहेरदेशीचं नकली गवत हवं असायचं आणि ते आल्यावर त्याचा रंग बघून तुम्हीच नाक मुरडायचात. "असलं हिरवं गवत बीडला कोणी बघितलंय बे?" मग ते चहाच्या पाण्यात बुडवून वाळवायचं. ओव्हरकोट घातलेले गोरे लोक आले की सुनंदाताई बारीक कुंचल्यानं त्यांना धोतर नेसवायची, बायकांना काठाची लुगडी. रांगोळी काढणारा हात तिचा, दोरा ओवावा तशी रेघ ओढायची. बर्फावर घसरायच्या फळ्या खांद्यावर घेतलेला एक गोरा होता, त्याच्या फळ्या तासून तुम्ही त्याच्या खांद्यावर ऊस दिलात. तो अजून स्टेशनबाहेर उभा आहे, तोंडाचा रंग थोडा उडालाय.

मातीवरून आपण महिनाभर बोललो नाही. बाहेरची तयार खडी मी पाठवली होती. तुम्ही म्हणालात, "बीडच्या स्टेशनाला जर्मनीची खडी? थू." आणि मांजरसुंब्याच्या घाटातली माती आणून, चाळून, रुळांखाली पसरलीत. आठवड्यात इंजिन कण्हायला लागलं आणि बंद पडलं. उघडून बघितलं तर मोटरीच्या चुंबकाला काळी बारीक मिशी आलेली. आपल्या काळ्या दगडाच्या मातीत लोखंडाचा चुरा असतो, हे खोक्यावर कोण लिहिणार? जुन्या स्पीकरचं चुंबक तुम्ही त्या मातीवरून फिरवलंत आणि मला व्हिडिओवर दाखवलंत. "बघ, लोखंड मातीतच हाय आपल्या. फक्त रेल्वे न्हाई." तरी माती तीच ठेवलीत, चुंबकानं विंचरून विंचरून.

मग खरी रेल्वे आली. तुम्ही बघायला गेलाच नाहीत. सगळं बीड गुलाल घेऊन स्टेशनात लोटलेलं, पुढारी इंजिनाला लोंबकळलेले, मी इथून फोन केला तर तुम्ही दुकानात.

"आप्पा, कावून न्हाई गेलात? जन्मभर वाट बघितली ना?"

"गाडी दिसती का त्यात? हार अन् माणसंच दिसायलेत. गर्दी सरू दे. एक दिवस रिकामा डबा बघून बसंन."

"मग आता वरची गाडी बंद करणार का? खरी आली की."

तुम्ही चिडलात. "सुनंदाला विचार जा. खरी फुलं मिळतेत म्हणून रांगोळीतलं फूल काढायचं बंद करती का ती?"

मी म्हणालो, ते वेगळं. तुम्ही म्हणालात, "वेगळं न्हाई." मी म्हणालो, आल्यावर बोलू. तो वाद तसाच राहिला, आप्पा. तुम्ही रिकाम्या डब्यात बसलात की नाही हेही मी कुणाला विचारलेलं नाही. विचारवत नाही.

आता ती किळस. तुम्हाला समाधी देऊन आलेल्या लोकांना महेशदादानं वरची खोली दाखवली. तुमचा मुलगा मनानं वाईट नाही, तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत. त्याला वाटलं, आप्पा किती मोठे होते हे लोकांना कळावं. लोक चढले. बूट-चपलांसकट. फोटो काढले, रील केली. मग कुणीतरी म्हणालं, "महेश, एक डबा नेऊ का? आप्पांची आठवण म्हणून." माणूस गेल्यावर आपण त्याचे कपडे वाटतो, कुणाला घड्याळ देतो, कुणाला छत्री. महेशदादानं तसंच समजून डबा दिला. एकाला दिला म्हणून दुसऱ्याला दिला. भेटायला येणारा प्रत्येक जण चहा पिऊन, हळहळून, एक डबा काखेत मारून निघायला लागला. इंजिन तर महेशदादानं स्वतः बंगल्यावर नेऊन साहेबांच्या हातात दिलं.

मला कळलं ते साहेबांच्या फोटोवरून. इंजिन त्यांनी उलटं धरलं होतं, चाकं वर. खाली लोकांनी हात जोडले होते आणि फुलं वाहिली होती. मी गोदामाच्या मागं जाऊन ओकलो, आप्पा. आठवण हा शब्द मला त्या दिवसापासून वंगाळ वाटतो. तुमच्यावर थुंकणारी माणसं तुमचे तुकडे घरी नेऊन टीव्हीच्या कपाटात मांडत होती, एकानं तर मोटारीत, पुढच्या काचेखाली, गणपतीच्या शेजारी चिकटवला होता.

महेशदादाला फोन लावला. तो म्हणाला, "दत्ता, लोकं प्रेमानं मागायलेत. न्हाई कसं म्हणू? खेळणी तर हायत." इथून मी काय करणार होतो? ओरडलो, रडलो, त्याला काही पटेना म्हणून सुनंदाताईला फोन केला आणि तुमचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं.

"मला कावून न्हाई सांगितलं आप्पांनी?" एवढंच तिनं विचारलं.

"तुला सांगायची गरज वाटली नसंल, ताई. तू घरातलीच."

"बरं. बघते."

आणि बघितलं तिनं. तुम्ही असतात तर दुकान बंद करून तमाशा बघायला तिच्या मागं गेला असतात.

तुम्ही लिंगायत. तुमच्यात सुतक नाही, लिंगधारी माणसाला विटाळ नाही, हे तुम्हीच मला सांगायचात. पण गल्लीतल्या बाकीच्यांच्या घरी सुतक पाळतात. ताईनं नेमकं हेच धरलं. घरात भेटायला येणाऱ्यांची रीघ असताना, पाचव्या दिवशी सकाळी, डोक्यावर पदर घेऊन, हातात एक टोपली, ती एकटी बाहेर पडली आणि पहिली समोरच्या कापडवाल्या काकूंच्या दारात उभी राहिली. काकूंच्या घरी त्या दिवशी कुलदेवतेचं काहीतरी होतं.

"अगं सुनंदा! तू कशी आलीस बाहेर? तुमच्या घरी तर..."

"करमंना, काकू. आत येऊ का जरा? तेवढंच बोलणं होईल."

"नको नको, आत नको. म्हणजे, आज देवाचं आहे ना. तुमच्यात नसतं, पण आमच्यात असतं बाई."

"मग इथं उंबऱ्यावर बसते. डबा दिला का जाईन."

"कसला डबा?"

"आप्पांचा. लाल."

डबा आला, आप्पा. काकूंनी तो वर्तमानपत्रावर ठेवून पायानं पुढं सरकवला. ताईनं उचलला, टोपलीत ठेवला, "येते" म्हणाली. मागून काकूंनी गोमूत्र शिंपडल्याचं तिला ऐकू आलं. तुमच्या घरातून डबा नेताना सुतक आडवं आलं नव्हतं. दारात बाई उभी राहिली तेव्हा आलं. याची मला जितकी शिसारी येते तितकी कशाचीच येत नाही.

ती दारोदार गेली. कुणी म्हणालं उद्या ये, तर ती म्हणायची, "उद्या परत यावं लागंल मग." लगेच मिळायचा. रील करणाऱ्या क्लासवाल्या सरांनी फाटकातूनच हात बाहेर काढून दिला. मोटारीतला डबा चिकटवलेला होता, तो ओढताना त्याची आकडी तुटली, आणखी दोन-तीन डब्यांच्या आधीच तुटलेल्या होत्या. एक पुण्याला गेला तो गेलाच. मी इथून दर अर्ध्या तासानं विचारत होतो, "कोणी काही बोललं का? महेशदादा रागावला का?" ती म्हणायची, "तू गप काम कर. तुझीच धडकी जास्त हाय."

शेवटी साहेबांचा बंगला. नेमकी नव्या मोटारीची पूजा चालू. साहेबांचा माणूस फाटकात आडवा आला.

"साहेब पूजेत हायत. नंतर या."

"बसते की. मयताच्या घरून आलेय, घरात लई गर्दी हाय. इथं गार वाटायलंय." आणि ती खरोखर त्या नव्या मोटारीला टेकून बसली.

गुरुजींचा मंत्र थांबला. साहेबांच्या मंडळींनी आतून विचारलं, कोण आहे. कुजबूज झाली. "अहो, त्यांना आधी वाटंला लावा," एवढं ताईला स्पष्ट ऐकू आलं. इंजिन एका पोऱ्याकडून आलं, तुमच्या श्रद्धांजलीची बातमी छापलेल्या कागदात गुंडाळून. ते त्यानं जमिनीवर ठेवलं आणि मागं सरकला. ताई उठली, पदर झटकला. "पूजा चालू द्या," म्हणाली.

तुटलेल्या आकड्या मी जर्मनीहून मागवल्या, नेहमीच्याच ठिकाणाहून. पुडक्यावर पहिल्यांदाच तुमच्या नावाऐवजी तिचं नाव लिहिलं. भुवयांच्या चिमट्यानं तिनं त्या बसवल्या. माझ्या सुट्टीच्या दुपारी व्हिडिओ लावला. बटण फिरवलं, इंजिन हलेना. मी सांगितलं, रूळ पूस, स्पिरिटचा बोळा घे, लोकांच्या बोटांचं तेल बसलं असेल त्यावर. तिनं सगळे रूळ पुसले. बोळा काळा झाला. परत बटण फिरवलं आणि गाडी निघाली, आप्पा. एक डबा कमी, पण जोडलेली. बोगद्यातून आली, पुलावर वळली. महेशदादा जिन्यात येऊन उभा होता, मला पडद्याच्या कडेला दिसला. गाडी स्टेशनात थांबली तेव्हा त्यानं पायातली चप्पल काढली आणि मग आत आला.

आता ताईला काय मिळालं ते ऐका. काकूंच्या नातवाचं बारसं झालं, साऱ्या गल्लीला बोलावणं, तिला नाही. लग्नाच्या बांगड्या भरायला बायका जमल्या, तिच्या दारावरून गेल्या, कुणी हाक मारली नाही. मयताची बाई दारोदार फिरली, तिचा पाय अपशकुनी, असं बोलतात. मी चिडलो तर मला म्हणाली, "जाऊ दे रे. त्यांच्या बारशाचे पेढे तसेबी कडकच असतेत." हसली. पण फोन ठेवायच्या आधी तिचा आवाज बसला होता, आणि मला ते कळलं.

तुम्ही गेलात, तुमचं देणं फिटणारं नव्हतंच. तिचं मात्र मला फेडायचंय, आणि कसं ते मी ठरवलंय. चकलांब्याला बापाच्या जागेत मी घर बांधणार आहे. केव्हा, ते सांगत नाही, सांगितलं की मला झोप लागत नाही. पण बांधीन. तुमच्या गल्लीतल्या एकूण एक बाईला मी स्वतः जाऊन आमंत्रण देईन, काकूंना तर गाडी पाठवीन. सगळ्या जमल्या, गुरुजी पुढं व्हा म्हणाले, की मी बाजूला होईन, बायकोलाही बाजूला करीन, आणि त्या सगळ्यांसमोर म्हणेन, सुनंदाताई, आधी तू. नव्या उंबऱ्याच्या आत पहिला पाय तिचा पडेल, आप्पा. मग आम्ही येऊ तिच्या मागून.